अ‍ॅनिमे स्ट्रीमिंगचा वर्षाचा हिशेब: कोणता प्लॅन, किती महिने

प्रश्न थोडक्यात असा: अ‍ॅनिमे (म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन) बघण्यासाठी चार-पाच स्ट्रीमिंग सेवा समोर आहेत, प्रत्येकीचे दोन-तीन प्लॅन आहेत, मासिक दर वेगळा आणि वार्षिक वेगळा. कमीत कमी पैशात हवं ते बघायचं असेल तर काय घ्यावं?

दरपत्रक सगळ्यात शेवटी उघडा. आधी नावांची यादी हवी. येत्या वर्षात खरोखर बघायच्या मालिका लिहून काढा. सध्या चालू असलेल्या एका बाजूला आणि पूर्ण झालेल्या दुसऱ्या बाजूला. प्रत्येक नावापुढे तीन नोंदी करा: आपल्या देशात ती कुठल्या सेवेवर आहे, सगळे सीझन तिथेच आहेत का, आणि हव्या त्या भाषेत आहे का. जपानी आवाज आणि सबटायटल्स चालत असतील तर तिसरी नोंद सोपी. डब हवा असेल तर तीच सगळ्यात महत्त्वाची, कारण एकाच मालिकेचा सब एका सेवेवर आणि डब दुसरीकडे, असं होऊ शकतं.

शोधायला जस्टवॉच ही साइट चांगली आहे, फक्त देश नीट निवडा. चालू तिमाहीत प्रसारित होणाऱ्या मालिकांसाठी लाइव्हचार्ट आणि अ‍ॅनिलिस्टवर प्रत्येक मालिकेच्या पानावर अधिकृत सेवांचे दुवे असतात. तरी शेवटची खात्री त्या सेवेच्या स्वतःच्या साइटवर करायची, पैसे भरण्याआधी. अ‍ॅनिमेचे हक्क प्रदेशानुसार विकले जातात, त्यामुळे परदेशातल्या कुणी सांगितलेलं उत्तर तुमच्याकडे लागू पडेलच असं नाही. ‘ब्लीच’चा 2022 मध्ये सुरू झालेला शेवटचा कथाभाग अमेरिकेत हुलूवर होता आणि इतर अनेक देशांत डिस्ने प्लसवर. एकच मालिका, एकच वेळ, पण खिशातून जाणारे पैसे वेगळ्या कंपनीला. सीझनच्या बाबतीतही हाच घोळ होतो. पहिला सीझन दिसतो म्हणून महिना भरला आणि दुसरा भलतीकडे निघाला, ही तक्रार फार नेहमीची आहे.

यादी तयार झाली की बहुतेकांच्या लक्षात येतं की नावं दोन, फार तर तीन सेवांमध्ये विभागली आहेत, आणि त्यातली एखादी सेवा घरात दुसऱ्या कारणासाठी आधीच घेतलेली आहे. नेटफ्लिक्स, डिस्ने प्लस किंवा प्राइम व्हिडिओ घरात चालू असेल तर त्यावरच्या अ‍ॅनिमेचा तुमच्यासाठीचा जादा खर्च शून्य आहे. सुरुवात तिथूनच करा. त्यावरची यादी संपल्याशिवाय खास अ‍ॅनिमेची सेवा घ्यायची घाई नको.

आता खास अ‍ॅनिमेच्या सेवांकडे. सगळ्यात मोठा संग्रह क्रंचीरोलचा. सोनीने 2021 च्या ऑगस्टमध्ये ही सेवा एटी अँड टीकडून 1.175 अब्ज डॉलरला घेतली. फ्युनिमेशन ही तशीच दुसरी सेवा सोनीकडे आधीपासून होतीच. 2022 च्या मार्चपासून फ्युनिमेशनच्या मालिका क्रंचीरोलवर यायला लागल्या आणि 2 एप्रिल 2024 ला फ्युनिमेशन बंद झालं. प्रेक्षकाच्या हिशेबाने यात दोन गोष्टी झाल्या. दोन वर्गण्यांची एक झाली, हा फायदा. पण स्पर्धा कमी झाली, आणि डीव्हीडी-ब्लू-रेसोबतच्या कोडवर फ्युनिमेशनमध्ये जमवलेल्या डिजिटल प्रतीही त्या सेवेबरोबर गेल्या. वर्गणीच्या खात्यातली कुठलीही गोष्ट ‘आपली’ धरू नये. जी मालिका आयुष्यभर जवळ हवी, तिची डिस्क घ्यावी.

हायडाइव्ह ही दुसरी खास सेवा. तिच्यामागे सेंटाई ही कंपनी आहे आणि 2022 च्या जानेवारीपासून ती एएमसी नेटवर्क्सच्या मालकीची आहे. संग्रह लहान, पण दर तिमाहीला एखाद-दुसरी अशी मालिका असते जी तिथे सोडून कुठेच नाही. ही सेवा मोजक्या देशांतच मिळते. मिळत असेल तर वर्षभर चालू ठेवायची गरज जवळपास कुणालाच नाही. तिच्याकडच्या दोन-तीन मालिका पूर्ण झाल्या की एक महिना घ्यावा, बघून टाकाव्यात आणि बंद करावी.

‘चॅनल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जोडण्यांबद्दल सावध राहा. 2017 च्या जानेवारीत अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत अ‍ॅनिमे स्ट्राइक नावाचं चॅनल काढलं होतं: प्राइमची वर्गणी वेगळी आणि त्यावर महिना 4.99 डॉलर आणखी. एका मालिकेसाठी दोनदा पैसे मोजणं लोकांना पटलं नाही आणि वर्षभरात ते बंद झालं. आजही कुठल्याही मोठ्या सेवेतून अ‍ॅनिमेचं चॅनल घेताना हेच तपासायचं: मूळ सेवेची वर्गणी सक्तीची आहे का, आणि चॅनल घेतल्यावर त्या अ‍ॅनिमे सेवेचं स्वतःचं अ‍ॅप उघडतं का. बहुधा उघडत नाही. मग अ‍ॅपमधली डाउनलोडची सोय, वॉचलिस्ट यातलं बरंच हाती लागत नाही, आणि संग्रहही तंतोतंत तोच असतो असं नाही. बिल एकाच ठिकाणी येतं, ही सोय मात्र खरी.

प्लॅन निवडताना पायऱ्यांमधलं अंतर मोजा. क्रंचीरोलचं उदाहरण त्यासाठी चांगलं आहे. फॅन, मेगा फॅन आणि अल्टिमेट फॅन अशा तीन पायऱ्या. 2024 च्या मे महिन्याआधी अमेरिकेत त्यांचे मासिक दर 7.99, 9.99 आणि 14.99 डॉलर होते. मे महिन्यात खालचा तसाच राहिला, मधला 11.99 झाला आणि वरचा 15.99. खालच्या प्लॅनला 100 धरा. आधी प्रमाण 100, 125, 188 असं होतं. नंतर ते 100, 150, 200 झालं. आधी सव्वापटीत मिळणाऱ्या मधल्या पायरीला आता दीडपट लागू लागले, आणि वरच्या पायरीचं मधल्यापासूनचं अंतर उलट कमी झालं. ‘मधला प्लॅन सगळ्यात फायद्याचा’ हा जुना सल्ला दरवाढीनंतर तसाच्या तसा टिकत नाही. दर पुढेही बदलत राहतात आणि प्रत्येक देशात वेगळे असतात, तेव्हा आजचे आकडे घेऊन हाच भागाकार स्वतः करा.

त्या दीडपटीत काय मिळत होतं? खालच्या प्लॅनमध्ये एका वेळी एकाच उपकरणावर बघता यायचं, मधल्यात चार, वरच्यात सहा. ऑफलाइन डाउनलोड मधल्यापासून पुढे. मोबाइल गेम्सचा संच मधल्यापासून, आणि वर्षभर टिकल्यावर मिळणारी भेटवस्तूंची पिशवी फक्त वरच्यात, तीही निवडक देशांत. चित्राचा दर्जा तिन्ही पायऱ्यांत सारखाच, कमाल 1080पी, म्हणजे फुल एचडी. जाहिरातीविना बघणं आणि नवा भाग जपानमधल्या प्रसारणानंतर लगेच मिळणं हेही तिन्हीत सारखं. म्हणजे एकट्याने, चांगल्या वायफायवर बघणाऱ्याला वरच्या दोन पायऱ्यांतून बघण्याच्या दृष्टीने काहीच जास्त मिळत नाही. घरात दोघं एकाच वेळी वेगवेगळं बघत असतील तर मात्र मधली पायरी दोन खालच्या प्लॅनपेक्षा स्वस्त पडते, 200 ऐवजी 150. सहा उपकरणांची पायरी घेण्याआधी स्वतःला विचारा की घरात एकाच क्षणी पाच जण अ‍ॅनिमे लावून बसतात का. अशी घरं थोडी.

डाउनलोडची किंमत ठरवायची तर मोबाइल डेटाशी तुलना करा. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या आकड्यांप्रमाणे एचडीला तासाला 3 जीबीपर्यंत, एसडीला 1 जीबीपर्यंत आणि 4केला 7 जीबीपर्यंत डेटा जातो. 24 मिनिटांचा एक भाग एचडीत म्हणजे फार तर 1.2 जीबी. महिन्यातले 25 दिवस प्रवासात रोज दोन भाग मोबाइल डेटावर बघणाऱ्याचे महिन्याला साठेक जीबी जाऊ शकतात. तुमच्याकडे साठ जीबीला जे पडतं ते प्लॅनमधल्या फरकापेक्षा जास्त असेल तर डाउनलोडवाला प्लॅन घ्या. कमी असेल तर नको. डाउनलोड केलेले भाग कायमचे राहत नाहीत. त्यांना मुदत असते, अधूनमधून फोन इंटरनेटला जोडावा लागतो आणि मालिकेचे हक्क संपले की फाइल उघडत नाही. लांबच्या प्रवासाआधी विमान मोड लावून एक भाग उघडून बघा.

नेटफ्लिक्सचं गणित वेगळं आहे, तिथे पायरी चढली की चित्राचा दर्जाही वाढतो. जाहिरातींच्या प्लॅनमध्ये आणि स्टँडर्डमध्ये 1080पी आणि दोन उपकरणं, प्रीमियममध्ये 4के आणि चार. काही देशांत फक्त फोन-टॅबपुरता 480पीचा प्लॅनही आहे. जाहिरातींच्या प्लॅनमध्ये हक्कांच्या अडचणीमुळे काही मालिकांवर कुलूप दिसतं, म्हणून यादीतली नावं त्या प्लॅनवर खुली आहेत का ते बघूनच तो घ्या. निव्वळ अ‍ॅनिमेसाठी 4केचे पैसे मोजणं मला पटत नाही. टीव्हीसाठी बनणारं बहुतेक अ‍ॅनिमे 1080पी किंवा त्याहूनही कमी रिझोल्यूशनवर तयार होतं आणि मग मोठं केलं जातं. मुळात नसलेला तपशील प्लॅन बदलून येत नाही. मोजक्या मालिका आणि चित्रपट याला अपवाद आहेत, पण त्यांच्यासाठी एक महिना पुरतो.

दर्जाचे पूर्ण पैसे भरूनही चित्र धूसर दिसण्याचं एक कारण बऱ्याच लोकांना माहीत नसतं. अँड्रॉइड फोनवर वाइडवाइन नावाची कॉपी-संरक्षण प्रणाली असते. तिची पातळी एल1 असेल तर एचडी मिळतं, एल3 असेल तर बऱ्याच सेवा 480पीच्या पुढे जात नाहीत. स्वस्त टॅब, बिननावाचे टीव्ही बॉक्स आणि बूटलोडर उघडलेले, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरचं कुलूप काढलेले, फोन इथे अडकतात. डीआरएम इन्फोसारखं एखादं फुकट अ‍ॅप टाकून ‘सिक्युरिटी लेव्हल’ बघा. एल3 निघालं तर प्लॅन वाढवून काही उपयोग नाही, उपकरण बदलायला हवं. संगणकावरून टीव्हीला जोडत असाल तर बिघडलेली एचडीएमआय केबल किंवा मधला स्प्लिटर हेही कारण असू शकतं, कारण साखळीतल्या प्रत्येक दुव्याला एचडीसीपी ही कॉपी रोखणारी प्रणाली चालावी लागते.

सगळ्यात जास्त पैसे वाचतात ते महिने नीट निवडल्याने. अ‍ॅनिमेचं वर्ष चार सीझनमध्ये चालतं: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. एका सीझनमध्ये मालिकेचे साधारण 12-13 भाग येतात, त्याला एक कूर म्हणतात. 12 भाग म्हणजे 24 मिनिटांप्रमाणे 4 तास 48 मिनिटं. दीड मिनिटाची सुरुवात आणि तेवढंच शेवटचं गाणं वगळलं तर 4 तास 12 मिनिटं. रोज एक तास बघणारा माणूस महिन्याच्या 30 तासांत सहा-सात पूर्ण मालिका संपवतो. म्हणजे अख्ख्या सीझनमधलं आवडीचं सगळं एका महिन्याच्या पैशात बसतं.

क्रंचीरोलच्या त्याच दरांनी बघा. खालचा प्लॅन बारा महिने मासिक भरला तर 95.88 डॉलर. वार्षिक घेतला तर 79.99, म्हणजे दहा महिन्यांच्या पैशात बारा. आणि सीझनला एक असे चार महिने घेतले तर 31.96. ‘वार्षिक घेतल्याने दोन महिने फुकट’ हे ज्याला बारा महिने बघायचंच आहे त्याच्यासाठी खरं. दहा किंवा त्याहून कमी महिने लागणार असतील तर वार्षिक प्लॅनमध्ये फायदा नाही, उलट यादीतली मालिका मध्येच दुसऱ्या सेवेकडे गेली तर अडकून पडायला होतं.

महिना कुठल्या तारखेला सुरू करायचा हेही ठरवा. शेवटचे भाग मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात येतात. पण निर्मिती रखडली किंवा मध्ये उजळणीचा भाग आला की शेवट आठवडा-दोन आठवडे पुढे सरकतो. म्हणून महिनाअखेरीऐवजी पुढच्या महिन्याच्या 5 ते 7 तारखेला वर्गणी भरा. 5 एप्रिलला भरली तर 5 मेपर्यंत हिवाळी सीझन पूर्ण बघून होतो आणि वसंत सीझनच्या बहुतेक मालिकांचे पहिले तीन-चार भागही बघायला मिळतात. त्यातून पुढच्या तिमाहीची यादी तयार होते. डब बघणाऱ्यांनी ही तारीख आणखी पुढे न्यावी. डब मूळ प्रसारणाच्या काही आठवडे मागून चालतो, त्यामुळे डबचा शेवटचा भाग कधी येणार हे बघून मगच भरा.

नेटफ्लिक्सवर काही मालिका दर आठवड्याला येतात आणि काही एकदम गठ्ठ्याने. ‘जोजो’चा ‘स्टोन ओशन’ हा कथाभाग 2021 च्या डिसेंबरमध्ये, 2022 च्या सप्टेंबरमध्ये आणि पुन्हा डिसेंबरमध्ये असा तीन गठ्ठ्यांत आला. अशा मालिकेसाठी प्रत्येक गठ्ठ्याला एक महिना भरण्यापेक्षा शेवटचा गठ्ठा येईपर्यंत थांबा. एका महिन्यात सगळं होतं.

या पद्धतीची किंमत आहे, तीही लक्षात घ्या. नवा भाग आला त्याच रात्री बघणं, आठवडाभर त्यावर मित्रांशी चर्चा करणं, पुढे काय होईल याचे तर्क लढवणं हा अ‍ॅनिमेच्या आनंदाचा फार मोठा भाग आहे. ज्याला तो हवा आहे त्याने चार महिन्यांच्या हिशेबाच्या मागे लागू नये. त्याच्यासाठी खालचा वार्षिक प्लॅन हाच योग्य सौदा आहे.

फुकट आणि कायदेशीर पर्यायही आहेत. यूट्यूबवर म्यूझ एशिया आणि अ‍ॅनी-वन एशिया ही हक्कधारक कंपन्यांची चॅनल्स आशियातल्या बऱ्याच देशांसाठी चालू मालिका सबटायटल्ससह दाखवतात. तिथे भाग कायम राहतीलच असं नाही, काही ठरावीक मुदतीनंतर काढले जातात, म्हणून बघणं लांबणीवर टाकू नका. जुन्या अ‍ॅनिमेसाठी रेट्रोक्रश आणि टुबी या जाहिरातींवर चालणाऱ्या सेवा आहेत, जिथे मिळतात तिथे. क्रंचीरोलने मात्र 2022 च्या वसंत सीझनपासून नव्या मालिका फुकट दाखवणं थांबवायला सुरुवात केली. त्याआधीचे सल्ले वाचून तिथे फुकट बघायला मिळेल असं धरू नका.

व्हीपीएन लावून स्वस्त देशाच्या दरात वर्गणी घेण्याचा सल्ला जागोजागी मिळतो. तो सेवांच्या अटींविरुद्ध आहे. शिवाय दर बहुधा कार्डाच्या देशावर ठरतो आणि संग्रह तुम्ही जिथून बघता त्या देशाचा दिसतो, त्यामुळे नेमकी हवी ती मालिका गायब होऊ शकते. खातं बंद झालं तर वार्षिक पैसे बुडतात. मित्रांनी मिळून खातं वापरणंही आता पूर्वीसारखं चालत नाही. नेटफ्लिक्सने 2023 पासून घराबाहेरच्या वापरावर बऱ्याच देशांत जादा आकार लावला आहे. सहा जणांत भागाकार करून ‘माणशी इतके’ असं काढण्याआधी ते सहा जण एका घरात राहतात का, हे बघा.

शेवटी पैसे भरण्याची वाट. शक्यतो सेवेच्या साइटवरून ब्राउझरमध्ये भरा. फोनमधल्या अ‍ॅपमधून भरलं की बिल अ‍ॅपल किंवा गुगलकडून येतं. अ‍ॅपल वर्गणीतून पहिल्या वर्षी 30 टक्क्यांपर्यंत आणि नंतर 15 टक्के वाटा घेतं, आणि काही सेवा तो दरात चढवतात. त्याहून मोठी अडचण नंतर येते. अशी वर्गणी त्या स्टोअरच्या सबस्क्रिप्शन यादीतूनच रद्द होते. अ‍ॅप काढून टाकलं, इतकंच काय सेवेवरचं खातं मिटवलं, तरी स्टोअर पैसे कापत राहतं. प्लॅन खाली-वर करायचा असेल तर सेवा तुम्हाला स्टोअरकडे पाठवते. ही गुंतागुंत सोडवायची तर स्टोअरमधून रद्द करा, भरलेली मुदत संपू द्या आणि मग साइटवरून नव्याने घ्या. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नका, दुहेरी पैसे जातात आणि परतावा मिळवताना दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

मासिक वर्गणी घेतली की त्याच दिवशी ती रद्द करून ठेवा. बहुतेक सेवांत भरलेल्या मुदतीपर्यंत बघता येतं, फक्त पुढचा हप्ता कापला जात नाही. फुकट चाचणीच्या काळात मात्र असं करण्याआधी अटी वाचा, काही ठिकाणी चाचणी रद्द करताच बघणं थांबतं. तिथे मुदत संपण्याच्या दोन दिवस आधीचा गजर लावा. शेवटच्या दिवशी नको, कारण मुदत कुठल्या वेळपट्टीनुसार संपते ते पानावर स्पष्ट नसतं. रद्द केल्याची ईमेल आली नाही तर रद्द झालं असं धरू नका. खात्याच्या पानावर ‘पुढील बिल’ या जागी तारीख दिसते की ‘मुदत संपेल’ असं दिसतं, ते बघा आणि त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.